चेहरा रुंद असेल तर दातांची कमानही रुंद असते का? चेहरा मोजून ती ठरवता येते का?

साधारणपणे हो, पण चेहरा मोजून एखाद्या पेशंटची कमान मिलिमीटरमध्ये ठरवता येत नाही. लांबट, अरुंद चेहऱ्यात कमान बहुधा निमुळती आणि टाळू खोल असतो, रुंद चेहऱ्यात ती पसरट असते. मात्र हा कल आहे, सूत्र नाही. चेहऱ्याची रुंदी दोन्ही गालांच्या हाडांमध्ये कॅलिपर टेकवून मोजतात, तेव्हा कातडी आणि चरबीही मापात येतेच. शिवाय कमानीवर जीभ, गाल, तोंडाने श्वास घेणं, अंगठा चोखणं यांचाही परिणाम होतो. सूत्रच हवं असेल तर पाँट या फ्रेंच दंतवैद्याचं आहे, १९०९ सालचं. गंमत म्हणजे त्यात चेहरा येतच नाही! वरच्या पुढच्या चार दातांच्या रुंदीची बेरीज घ्यायची, १०० ने गुणायचं, पहिल्या उपदाढांमधल्या (सुळ्यांमागच्या छोट्या दाढांमधल्या) अंतरासाठी ८० ने आणि पहिल्या दाढांमधल्या अंतरासाठी ६४ ने भागायचं. बेरीज ३० मिमी असेल तर उत्तरं ३७.५ आणि सुमारे ४७ मिमी. पण हे आकडे फ्रेंच लोकांच्या मोजमापांवरून काढलेले आहेत, आणि नंतर इतरत्र पडताळताना ते नीट जुळले नाहीत. त्यामुळे ‘चेहरा मोठा आहे, कमान रुंद करू’ एवढंच कारण कोणी सांगत असेल तर दातांच्या ठशावरून बनवलेलं मॉडेल आणि एक्स-रे दाखवायला सांगा. वाढत्या वयातल्या मुलांची गोष्ट वेगळी: टाळूचा सांधा पक्का झालेला नसतो, तिथे वरची कमान खरोखर रुंदावता येते.