इंडोनेशियाचे जनरल नासुत्योन कोण होते, त्यांची कारकीर्द कशी होती?

अब्दुल हारिस नासुत्योन, जन्म 1918, सुमात्राचे. सुरुवात डचांच्या वसाहती सैन्यात, पण स्वातंत्र्ययुद्धात त्याच डचांविरुद्ध लढले, सिलिवांगी डिव्हिजन सांभाळली आणि गनिमी काव्यावर पुस्तकही लिहिलं. मग आर्मी चीफ झाले, पण 1952 मध्ये सैन्याने टँक-तोफा राजवाड्याकडे वळवून संसद बरखास्त करा म्हणून राष्ट्राध्यक्ष सुकार्णोंवर दबाव आणला, त्यात पद गेलं, 1955 ला परत तेच पद मिळालं, पुढे संरक्षणमंत्री.

खरा प्रसंग 1 ऑक्टोबर 1965 च्या पहाटेचा. बंडवाले सैनिक घरात घुसले, बायकोने दार धरून ठेवलं आणि हे भिंतीवरून शेजारच्या इराकी राजदूताच्या आवारात उडी मारून वाचले, घोटा मोडला. पण पाच वर्षांची मुलगी गोळी लागून काही दिवसांनी गेली, आणि त्यांच्या एडीसीला (मदतनीस अधिकाऱ्याला) यांच्याऐवजी पकडून नेऊन मारलं. फार वाईट वाटतं वाचताना.

1966 ला हंगामी लोक-सल्लागार सभेचे (एमपीआरएस) अध्यक्ष झाले, सुकार्णोंना हटवून जनरल सुहार्तोंना राष्ट्राध्यक्षपदी आणणारी सभा हीच. नंतर सुहार्तोंनीच त्यांना बाजूला सारलं. 1980 मध्ये सुहार्तोंविरुद्धच्या पन्नास जणांच्या निवेदनावर सही केली, मला त्यांचं हे धाडस जास्त मोठं वाटतं. 1997 ला मानद पंचतारांकित जनरल, 2000 मध्ये निधन.