पॅरिसमधली पेस्ट्री-चॉकलेट-चीजची वॉकिंग टूर: आई अंडं खात नसेल तर घ्यावी का?

हो, घ्या. पण पैसे भरायच्या आधी एक काम करा. आम्ही ते केलं नाही आणि त्याचा त्रास माझ्या सासूबाईंना झाला, खरं तर तेवढं सांगायलाच मी हे उत्तर लिहायला बसले.

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात आईबाबांना घेऊन पॅरिसला चाललोय, तीन तासांची गाइडेड टूर आहे, चालत चालत पेस्ट्री, चॉकलेट आणि चीज चाखायचं, आई शाकाहारी आहे आणि अंडं पण खात नाही, तर पैसे वसूल होतील का, की आपलं आपणच फिरावं. आम्ही अगदी अशीच टूर ऑक्टोबरमध्ये केली, मी, नवरा आणि सासूबाई. त्या बाहत्तर वर्षांच्या आहेत, सांगलीत सासऱ्यांबरोबर पस्तीस वर्षं मेडिकलचं दुकान चालवलं त्यांनी, आणि अंडं त्यांनी आयुष्यात खाल्लेलं नाही.

आमची टूर सां-जर्मां-दे-प्रे भागात होती, मेट्रोच्या ४ नंबर लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे. या भागाचा फायदा असा की चांगली दुकानं एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांवर आहेत, त्यामुळे चालणं फार होत नाही, पण उभं राहणं खूप होतं. तुमच्या बाबांचे गुडघे दुखत असतील तर हे आधी लक्षात घ्या, दुकानं छोटी असतात, आत बसायला काहीही नसतं. सेव्र-बाबिलोन स्टेशनला लागून बुसिको नावाची छोटी बाग आहे, तिथे बाकं आहेत, आम्ही गाइडला सांगून तिथे दहा मिनिटं टेकलो. रस्त्यावरची सरकारी स्वच्छतागृहं फुकट असतात, तेही बघून ठेवा.

सुरुवात क्रॉइसाँने, म्हणजे थराथरांच्या खुसखुशीत पेस्ट्रीने झाली. गाइडने एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली, कारण ती नुसतं बघून कधीच कळली नसती. बेकरीत दोन प्रकारचे क्रॉइसाँ असतात, एक लोण्याचा आणि एक साधा, म्हणजे मार्गारिनचा, आणि बहुतेक ठिकाणी लोण्याचा सरळ असतो आणि साध्याची टोकं चंद्रकोरीसारखी वळवलेली असतात. म्हणजे आपण फोटोत बघून जो आकार 'खरा' समजतो तोच नेमका घ्यायचा नाही. आणि हा पदार्थ मुळात व्हिएन्नाकडचा, ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १८३० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी उघडली आणि तिथून हे लोण पसरलं, अजूनही फ्रेंच लोक या सगळ्या प्रकाराला 'व्हिएन्वाझरी' असंच म्हणतात.

आपल्या खारीशी ताडून बघा म्हणजे लगेच कळेल. खारीतही पीठ आणि चरबीचे थर एकावर एक असतात, पण आपल्याकडे बहुतेक बेकऱ्या वनस्पती तूप वापरतात, ते तोंडाच्या उबेला पूर्ण वितळत नाही म्हणून टाळूला चिकटतं. लोणी वितळतं. क्रॉइसाँत पिठात लोण्याची लादी ठेवून तीन वेळा तिहेरी घडी घालतात, म्हणजे लोण्याचे सत्तावीस थर होतात, शिवाय पिठात यीस्ट असतं म्हणून आतून जाळीदार होतो, खारी पूर्ण कोरडी असते. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि काही बोललाच नाही, दुसरा मागितला.

पण सासूबाईंनी तो खाल्ला नाही. क्रॉइसाँच्या पिठात सहसा अंडं नसतं, पण वरून चमक यायला अंड्याचा हात फिरवतात. बाकीच्या पेस्ट्रीत तर प्रश्नच नाही, एक्लेअर, माकारों, ब्रिऑश, फळांच्या टार्टमधलं क्रीम, सगळ्यात अंडं. माकारों म्हणजे बदामाची पूड, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग, तो काढला तर माकारों राहतच नाही. आम्ही र्यू बोनापार्तवर पियेर एर्मे या पेस्ट्रीवाल्यांच्या दुकानात गेलो, गुलाब, लिची आणि रास्पबेरी एकत्र आणणारी त्यांची 'इस्पाहान' ही चव प्रसिद्ध आहे, मी ती खाल्ली आणि गुलाबाचा वास नाकात संध्याकाळपर्यंत होता, पण सासूबाई बाहेर फुटपाथवर उभ्या राहून सां-सुल्पीस चर्चचे मनोरे बघत होत्या. तुमच्या आईंचंही टूरच्या या भागात असंच होणार हे धरून चला, आणि त्यांना आधीच सांगा, म्हणजे तिथे गेल्यावर वाईट वाटणार नाही.

पावाच्या दुकानात मात्र त्या खुलल्या. र्यू द्यु शेर्श-मिदीवर प्वालान म्हणून बेकरी आहे, १९३२ पासूनची, खाली तळघरात लाकडावरची भट्टी आहे. तिथला मोठा गोल पाव जवळजवळ दोन किलोचा असतो, दगडी जात्यावरचं पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण, एवढंच. चव थोडी आंबूस, साल जाड. काउंटरवर छोटी लोण्याची बिस्किटं टोपलीत चाखायला ठेवलेली असतात, ती नानकटाईच्या जवळची लागतात, पण त्यात अंडं असतं, तेव्हा आईंना ती देऊ नका. पाव मात्र बिनधास्त द्या. बगेत म्हणजे लांबट फ्रेंच पाव, त्याचंही तसंच, 'बगेत त्रादिस्यों' हे नाव लावायचं तर १९९३ च्या सरकारी नियमाप्रमाणे त्यात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण हेच मुख्य, बाहेरची रसायनं घालायची नाहीत आणि पीठ फ्रीझ करायचं नाही. २०२२ मध्ये बगेत बनवण्याची परंपरा युनेस्कोच्या यादीत गेली. दुकानात नुसतं 'बगेत' न म्हणता 'त्रादिस्यों' म्हणा, फरक पहिल्या घासाला कळतो.

मग चॉकलेट. र्यू दे सां-पेरवर दबोव्ह ए गाले नावाचं दुकान आहे, १८०० साली सुरू झालेली पेढी. पहिले मालक सुल्पीस दबोव्ह हे औषधं बनवणारे, सोळाव्या लुई राजाच्या पदरी होते. दुकानात आत गेलं की अर्धगोल लाकडी काउंटर, मागे कपाटं, सगळं जुन्या औषधाच्या दुकानासारखं. राणी मारी आंत्वानेतला औषध कडू लागायचं म्हणून त्यांनी औषध चॉकलेटमध्ये घालून चपट्या नाण्यासारख्या वड्या केल्या अशी तिथली गोष्ट आहे, आणि त्या नाण्यांच्या आकाराची चॉकलेटं अजून मिळतात. मी हे मराठीत सांगितलं तर सासूबाई लगेच म्हणाल्या, "म्हणजे अनुपानच की! आपण मधातून मात्रा देतो तसं." आणि मग सासूबाई त्या काउंटरपाशी किती वेळ उभ्या होत्या काय सांगू, लाकडाला हात लावून बघितला, बरण्या बघितल्या, आमचं दुकान आधी असंच होतं काचेच्या बरण्यांचं, नंतर सगळं स्ट्रिप्समध्ये आलं, असं सांगत होत्या. मी गाइडला भाषांतर करून सांगितलं की या स्वतः औषधाच्या दुकानवाल्या आहेत, तर तिने त्यांना पुढे घेऊन बाकी ग्रुपला ओळख करून दिली. पूर्ण ट्रिपमधला तो माझा सगळ्यात आवडता क्षण आहे.

चॉकलेट अंडं न खाणाऱ्यांसाठी सोपं आहे. गानाश म्हणजे चॉकलेट आणि साय किंवा लोणी, प्रालिने म्हणजे साखरेत भाजून वाटलेले हेझलनट किंवा बदाम. फक्त आत दारू आहे का आणि जिलेटिन आहे का हे विचारायचं. जिलेटिन मूस केकमध्ये आणि मार्शमॅलोत जास्त असतं, ते प्राण्यांच्या हाडाकातड्याचं. फळांच्या रसाच्या चौकोनी जेली वड्या असतात, 'पात द फ्र्वी', त्या सहसा पेक्टिनवर म्हणजे फळातल्याच द्रव्यावर बनतात, सासूबाईंना जर्दाळूची फार आवडली.

आता चीज. आम्ही बुकिंगच्या फॉर्मवर 'व्हेजिटेरियन, नो एग' लिहिलं होतं आणि आमच्या मते काम झालं होतं. चीजच्या दुकानात लाकडी पाटावर चार तुकडे आले, सौम्यापासून उग्राकडे असं खायचं, आधी बकरीच्या दुधाचं ताजं, मग ब्री, मग कोंते, शेवटी रोकफोर. गाइड छान सांगत होती, कोंतेचं एक चाक साधारण चाळीस किलोचं, त्याला चारशे लिटर दूध लागतं, कमीत कमी चार महिने मुरवतात. ब्रीची वरची पांढरी साल ही बुरशी असते आणि ती खायची. रोकफोरमधली निळी बुरशी पेनिसिलियम जातीची हे ऐकून सासूबाई हसल्या, पेनिसिलिनची इंजेक्शनं त्यांनी दुकानात आयुष्यभर विकलेली. आणि मग ग्रुपमधल्या एका बाईने विचारलं की दूध नासवायला काय वापरता, तर गाइड सहज म्हणाली, वासराच्या पोटातलं रेनेट.

सासूबाईंनी मला विचारलं, काय म्हणाली ती? त्यांचे तीन तुकडे खाऊन झाले होते. मी दोन सेकंद गप्प होते, आणि मग सांगितलं. न सांगणं मला जमलं नसतं. त्यांनी हातातला तुकडा पाटावर ठेवला, पाणी प्यायल्या, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर बाहेर आल्यावर म्हणाल्या, "नकळत झालं ते झालं. पण विचारायला हवं होतं गं आपण."

तर हेच ते काम. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्ये प्राण्याचं रेनेट नसतं, त्यामुळे आपल्या डोक्यातही येत नाही. फ्रान्समध्ये व्हेजिटेरियन म्हणजे मांस-मासे न खाणारा, तो अंडं आणि चीज खातोच असं धरतात. आणि जुनी, नावाजलेली, सरकारी नामांकन असलेली चीज बहुतेक सगळी वासराच्या रेनेटनेच बनतात, कोंतेच्या तर नियमातच ते आहे. रेनेट हे दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या पोटातून काढतात, त्यातलं एन्झाइम दुधाचं दही न करता घट्ट गोळा करतं. तेव्हा टूरवाल्यांना मेल लिहा, शब्द नीट वापरा: अंडं नको, जिलेटिन नको, प्राण्याचं रेनेट नको, आणि विचारा की मग आईंना नेमकं काय काय देणार. उत्तर गोलमाल आलं तर दुसरी टूर बघा. दुकानात विचारायचे शब्द: रेनेटला 'प्रेझ्यूर', वनस्पतीजन्य हवं तर 'व्हेजेताल', सूक्ष्मजीवांपासूनचं 'मिक्रोबियेन'. असं चीज मिळतं, पण शोधावं लागतं. तुमच्या आईंना रेनेट चालत असेल, काही लोकांना चालतं, तर प्रश्नच मिटला, पण तो निर्णय त्यांचा त्यांनी माहिती असताना घ्यावा.

अजून एक, आईबाबा पासष्टच्या पुढचे असतील तर कच्च्या दुधाचं मऊ चीज जरा जपून, फ्रेंच आरोग्य खातंही वयस्कर लोकांना आणि गरोदर बायकांना तेच सांगतं. पाकिटावर 'ले क्र्यू' लिहिलेलं असतं.

पैशांचं म्हणाल तर आम्ही माणशी शंभर युरोच्या आसपास दिले. तेवढ्याचं खाणं झालं नाही हे खरं, तेच पदार्थ स्वतः घेतले असते तर निम्म्यात झाले असते. पण चव समजून घ्यायला आणि दुकानात शिरायचा धीर यायला ते उपयोगी पडलं, दुसऱ्या दिवसापासून आम्ही 'बाँझूर' म्हणत कुठेही जात होतो (हे म्हटल्याशिवाय काही मागू नका, तिथे ते उद्धट समजतात). म्हणून टूर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच घ्या, शेवटच्या दिवशी घेऊन उपयोग नाही. सकाळची घ्या, नाश्ता न करता जा, ग्रुप आठच्या वर नको. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी चीजची बरीच दुकानं बंद असतात, आणि १ मेला तर जवळजवळ सगळंच बंद, तो दिवस टाळा. आई खूप कडक पाळत असतील तर माझं मत असं की फक्त चॉकलेट आणि पावाची टूर शोधा आणि चीज तुम्ही आणि बाबा वेगळे जाऊन खा, म्हणजे त्यांना दुकानाबाहेर उभं राहायला नको.

आम्ही त्या दिवशी प्वालानच्या मोठ्या पावाचा चौथा हिस्सा घेतला होता. रात्री हॉटेलवर सासूबाईंनी सांगलीहून आणलेलं लिंबाचं गोड लोणचं काढलं आणि त्या आंबूस पावाला लावून खाल्लं, मलाही दिलं, आणि ते खरंच फार चांगलं लागतं, तुम्ही लोणचं नेणार असाल तर करून बघा. चॉकलेट मात्र अगदी निघायच्या दिवशी घ्या, कोकोचं लोणी चौतीस अंशाच्या आसपास वितळतं आणि तुम्ही मेमध्ये परत येताय, एअरपोर्टवरून घरी पोचेपर्यंत त्याचं पाणी होईल, थंड पिशवी सोबत ठेवा.