‘पानिपत झालं’ असे लोक का म्हणतात?

ठाणे स्थानकाच्या फलाटावर सहज कानावर पडणाऱ्या ‘गणितात माझं पानिपत झालं’ अशा वाक्याचा अर्थ गणितात पुरता धुव्वा उडाला, सावरायला काही उरलेच नाही, असा होतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अहमदशाह अब्दालीने मराठ्यांचा पराभव केला आणि त्या एका दिवसात सदाशिवरावभाऊ व विश्वासराव यांच्यासह हजारो माणसे कामी आली, त्यामुळे त्या गावाचे नावच मराठीत सर्वनाशाचे सामान्यनाम होऊन बसले. म्हणूनच ते ‘संघाचे पानिपत’, ‘पक्षाचे पानिपत’ असे षष्ठीसह येते. (तेथे १५२६ आणि १५५६ मध्येही लढाया झाल्या, पण मराठी बोलीत घाव राहिला तो तिसरीचाच.) ‘विश्वास पानिपतात गेला’ ही त्याच लढाईची दुसरी खूण असून तिच्यात विश्वासरावांच्या नावावरची कोटी उघड दिसते. मात्र ७:५२ ची लोकल चुकली, तर त्याला पानिपत म्हणू नये: पूर्ण तयारीनिशी उतरून सपशेल हरण्यालाच तो शब्द शोभतो, किरकोळ फजितीला ‘वाट लागली’ पुरेसे आहे.