खेळल्याचा कागद आजच मागून घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं वर आलं. अकरा हंगाम क्लबकडून फुटबॉल खेळलात, गुडघ्याने साथ सोडली, आता प्रशिक्षक म्हणून १६ वर्षांखालच्या राष्ट्रीय संघासोबत काम करायचंय आणि कोर्सच्या अर्जासोबत जोडायला खेळल्याचा पुरावा सापडत नाहीये. मीही अगदी इथेच अडकलो होतो.

डी, सी, बी, ए ही प्रशिक्षकांच्या लायसन्सची चढती उतरंड तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही.

माझी घोडचूक एकच. शेवटचा हंगाम संपला तेव्हा क्लबकडून अनुभवाचं पत्र घेतलं नाही. सगळे ओळखतात, कागद कशाला, असं वाटलं. दोन वर्षांत क्लबने संघच बंद केला. जुन्या नोंदणीचा उतारा मिळावा म्हणून एका कार्यालयात सहा खेपा घातल्या. कधी साहेब दौऱ्यावर, कधी रजिस्टर सापडत नाही, कधी 'क्लबच्या लेटरहेडवर अर्ज आणा'. अहो, क्लबच उरला नाही तर लेटरहेड कुठून आणू? तोवर कोर्सची बॅच भरली. एका युवा शिबिरात साहाय्यक म्हणून तोंडी ठरलेलं कामही गेलं. ते आठवलं की आजही जीव जळतो. शेवटी जुने करार, संघाच्या याद्या आणि वर्तमानपत्रांची कात्रणं जोडून पुढच्या वर्षी अर्ज केला.

हा माझ्या वेळचा अनुभव. नियम बदलतात, म्हणून फुटबॉल महासंघाचं ताजं परिपत्रक स्वतः वाचा.

आणखी एक, पटलं नाही तर सोडून द्या. थेट राष्ट्रीय संघाची वाट बघत बसू नका. आधी १२-१३ वर्षांच्या मुलांना रोज शिकवा. आपण मोठ्यांमध्ये खेळलेलो, त्यामुळे एका हाकेत मुलाला कळेल असं वाटतं. कळत नाही. गोव्याचे बिबियानो फर्नांडिस स्वतः खेळाडू होते. २०१८ मध्ये मलेशियात त्यांनी शिकवलेला भारताचा १६ वर्षांखालचा संघ आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. व्हिएतनामवर १-०, इराणशी ०-०, इंडोनेशियाशी ०-०, मग उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१. चार सामन्यांत एकच गोल खाल्ला, आणि कोरियाचा तो सामना जिंकला असता तर मुलं १७ वर्षांखालच्या विश्वचषकाला गेली असती. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांचा असा बचाव बाहेरून ओरडून उभा राहत नाही. माझ्या मते त्यामागे रोजच्या सरावाचे शेकडो तास असतात.

वयाच्या कागदांकडेही पहिल्याच दिवशी बघा. या गटात वय तपासायला मनगटाच्या हाडांचा एमआरआय होतो. जीव लावून घडवलेला मुलगा ऐन वेळी यादीतून गळला की त्याच्या घरी फोन आपल्यालाच करावा लागतो. मी केलाय.

तुमचा क्लब अजून सुरू आहे असं लिहिलंय. मग उद्याच जा. हंगामनिहाय सामने, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का, सगळं एका पत्रावर घ्या आणि दोन प्रती करा. तुम्हाला खेळताना पाहिलेला सचिव खुर्चीत आहे, तोवर हे काम एका दिवसाचं आहे.