गूळ सोडल्याने कर्करोगाची पेशी उपाशी राहते का?

प्रश्न : आमचे करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात, असे ऐकल्यापासून वडिलांनी चहातला गूळही बंद केला आहे. गाठ दिसण्याआधीच पेशीत असा काही बदल होतो का, आणि गोड सोडल्याने तो थांबतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वडिलांनी ऐकलेली गोष्ट निराधार नाही; तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. पुरेसा प्राणवायू असेल, तर बहुतेक निरोगी पेशी ग्लुकोजचे आधी पायरुवेट हे छोटे संयुग करतात आणि ते मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांत, पूर्णपणे जाळतात. त्यातून एका ग्लुकोजमागे एटीपी या ऊर्जावाहकाचे सुमारे ३० रेणू मिळतात. अर्बुदाच्या (कर्करोगाच्या गाठीच्या) पेशी मात्र प्राणवायू असतानाही पुष्कळसे ग्लुकोज अर्धवट मोडून, त्याचे लॅक्टेट करून बाहेर टाकतात, हे जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांनी १९२०च्या दशकात जर्मनीत दाखवले. या मार्गाने पदरात पडतात जेमतेम २ एटीपी. मायटोकाँड्रिया बिघडल्यामुळे असे होते, हे वारबर्ग यांचे मत पुढे बहुतेक कर्करोगांत खरे ठरले नाही.

मग पेशी हा आतबट्ट्याचा व्यवहार का करते? आपल्या गुऱ्हाळात चिपाडे चुलवाणात जातात आणि रस काहिलीत. सगळाच ऊस जाळला तर जाळ होईल, गूळ होणार नाही. सतत विभागणाऱ्या पेशीलाही नुसती ऊर्जा पुरत नाही. तिला डीएनए, आवरणासाठी मेद आणि प्रथिने नव्याने घडवायची असतात, आणि ग्लुकोजच्या विघटनाचा ओघ जोरात चालू असला की मधल्या टप्प्यांवरून हा कच्चा माल उचलता येतो. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही हेच करतात, पण काम संपले की थांबतात.

हा बदल गाठ वाढल्यावरच होतो, असे नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगात के-रास जनुकातील बिघाड पूर्वावस्थेतील सूक्ष्म विकृतींतही आढळतो, आणि ग्लुकोज अधिक ओढून घेण्याची आज्ञा त्या बिघाडातूनच सुटते. ग्लायोमा या मेंदूतल्या गाठींपैकी काहींचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. तिथे आयडीएच जनुक अगदी आरंभी बदलते, त्यातून बदललेले विकर (एन्झाइम) एक वेगळेच आम्ल तयार करते आणि ते आम्ल डीएनएवरील रासायनिक खुणा पुसू देत नाही. त्यामुळे पेशी परिपक्व होत नाही. म्हणजे चयापचयातला बदल येथे रोगाचा केवळ परिणाम नसून त्याच्या कारणांपैकी एक आहे.

गूळ सोडून यातले काही थांबत नाही. भाकरी-भातातूनही ग्लुकोजच मिळते, उपास केला तर यकृत ते तयार करते, आणि कर्करोगाच्या पेशी ग्लुटामाइन या अमिनो आम्लावर व मेदावरही भागवतात. लठ्ठपणा आणि मधुमेह यांमुळे काही कर्करोगांचा धोका वाढतो, म्हणून गोडाला मर्यादा हवीच; पण वडिलांना मधुमेह नसेल, तर चहात थोडा गूळ घालायला हरकत नाही. (तो चहा उतरवल्यावर घालावा, हे गुऱ्हाळवाल्यांना आम्ही काय सांगणार!)