गेमनं मुलाचं डोकं फिरवलंय का?

*माई, मुलगा बारावी कॉमर्सला आहे. सीए करायचं ठरलं होतं. रात्री एक-एक वाजेपर्यंत बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम खेळतो आणि दिवाळीपासून म्हणतोय, सैन्यातच जाणार, एनडीए नाहीतर अग्निवीर. का, विचारलं तर म्हणे स्नायपर व्हायचंय! हे म्हणतात, जाऊ दे, चांगलंच आहे. हल्ली पहाटे पाचला उठून पळायलाही जातो. एकुलता एक आहे हो. गेम बंद केला तर हे खूळ जाईल का?*
*— एक आई, राजेंद्रनगर, इंदूर*

ताई, गेम बंद करून काही होणार नाही. उलट आईनं हिसकावून घेतलं म्हणून तो जास्तच हट्टाला पेटेल.

गेमचा परिणाम होतो, हे मात्र मी नाकारत नाही. अमेरिकेच्या लष्करानं २००२ साली ‘अमेरिकाज आर्मी’ हा गेम स्वतः बनवून फुकट दिला. तरुण पोरं भरतीकडे वळावीत हाच हेतू होता, आणि तो २०२२ पर्यंत चालू ठेवला. आपल्या हवाई दलानंही २०१९ मध्ये मोबाइल गेम आणला. म्हणजे ओढ लागते. स्नायपरचं वेड तुमच्या मुलाला तिथूनच लागलं असणार.

पण ओढ गेममधून लागली म्हणून ती खोटी ठरत नाही. २६ जानेवारीची परेड बघून, महूला जाता-येता लष्कराचे ट्रक बघून किती मुलांना वर्दी हवीशी वाटली! त्यांना कुणी खुळं म्हटलं नाही. बघायचं ते ओढ टिकते का. म्हणून तुमच्या पत्रातलं पहाटे पळण्याचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही ते ओझरतं लिहिलंय, मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. गेममध्ये पळायला अंगठा पुरतो. इंदूरच्या थंडीत पाचला पांघरूण सोडणारा मुलगा त्या पडद्याच्या बाहेर आलाय. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत पळणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. तुझा वेळ किती येतो, हे त्याला घरात कुणी विचारलंय का? आज विचारा. आणि पाचला उठायचं तर फोन दहाला ठेवायचा, हेही त्याच बोलण्यात सांगा. ते तो ऐकेल.

आता त्याला बहुधा ठाऊक नसलेल्या गोष्टी. बीजीएमआयचा डाव अर्ध्या तासात आटोपतो. सैन्यातली बरीच वर्षं सराव, पहारा, बदल्या आणि नामंजूर झालेल्या रजा यांत जातात. अग्निवीर चार वर्षांसाठी असतो, त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवानांना पुढे कायम करतात. बाकीच्यांना ऐन विशीत दुसरं काम शोधावं लागतं. एनडीएच्या लष्कर शाखेला कॉमर्सवाला मुलगाही बसू शकतो, पण लेखी परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा पेपर आहे. ती पार केली की एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवडायच्या मुलाखतीचे, पाच दिवस. तिचं केंद्र भोपाळलाही आहे. तिथे नेमबाजी कुणी बघत नाही. फळ्या, दोर, पिंपं देतात आणि सगळ्या गटाला मिळून अडथळे पार करायला लावतात.

म्हणून एकदा त्याच्या शेजारी बसून तो खेळतो कसा ते बघा. पडलेल्या साथीदाराला उठवायला मागे फिरतो, की नुसते किल मोजत पुढे पळतो? यावरून निकाल लावू नका, पण बोलायला विषय मिळेल.

राहिलं ‘एकुलता एक आहे हो’. ताई, तुमची भीती गेमची नाहीच. तो जाईल आणि परत येणार नाही, ही आहे. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान गेले आणि पुढच्या २६ जानेवारीला त्या झटापटीवरचा गेम मोबाइलवर आलासुद्धा. अशा खेळांत जवान दिसतो, घरी फोनची वाट बघणारी त्याची आई दिसत नाही. ती त्याला तुम्हीच दाखवायची आहे. ‘गेमनं तुझं डोकं फिरवलंय’ असं म्हणण्यापेक्षा ‘मला भीती वाटते रे’ असं सरळ म्हणा. रडू आलं तर येऊ द्या. मग त्यालाही स्नायपरपेक्षा खरं उत्तर शोधावं लागेल. यजमानांनाही तिथे बसवा. ‘जाऊ दे, चांगलंच आहे’ एवढं म्हणून बापाला मोकळं होता येणार नाही. अग्निवीरच्या अटी आणि एनडीएची जाहिरात त्यांनी मुलाबरोबर बसून ओळ न् ओळ वाचावी.

सीएचा रस्ता लगेच बंद करायची गरज नाही, तो पुढेही खुला आहे. एनडीएला मात्र वयाची अट आहे, प्रशिक्षण सुरू होताना साडेएकोणीसच्या आत असावं लागतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते. त्याला एकदा बसू द्या.

— माई