उलट उत्तर न देण्याचा पगार

सादर नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे आणि मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत असल्यापासून तो मोबाइलवर गेम खेळतो, यूट्यूबवर त्याचा छोटासा चॅनेलही आहे. पुण्यातल्या एका गेम कंपनीने त्याला मार्केटिंगच्या इंटर्नशिपसाठी बोलावलं, आणि मुलाखतीत त्याच्याच दोन-तीन वर्षांपूर्वीच्या कमेंट त्याच्यापुढे ठेवल्या. आईबहिणीवरून शिव्या होत्या. घरी आल्यापासून सगळी अकाउंट डिलीट करतो म्हणतोय. तुम्ही विचारलंय की कंपनीला त्याच्या खासगी कमेंटशी काय घेणं-देणं, ही खरंच नोकरी आहे का, आणि एका क्लासची चाळीस हजारांची फी भरावी का.

पत्रात मध्येच एक ओळ आहे: त्याने मागे एका ‘रंग ओळखा, पैसे जिंका’ अ‍ॅपची जाहिरात चॅनेलवर केली आणि आठ हजार मिळवले. मला शिव्यांपेक्षा याची काळजी जास्त वाटते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता आहे, पण पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आहे, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हिडिओ कायद्याच्या आधीचा असला तरी आज तो दिसतोय ना? मग आजच काढायला सांगा. त्या लोकांशी व्यवहार अजून चालू असेल तर थांबवा आणि एखाद्या वकिलांना विचारून घ्या.

आता खासगी कमेंटचं. नाव, फोटो आणि गेममधला आयडी लावून चारचौघांत लिहिलेलं खासगी राहत नाही, हे एक झालं. पण खरं कारण वेगळं आहे. तुमच्याकडे मशीन चालवायला माणूस घेताना तो घरी काय बोलतो हे तुम्ही बघत नाही, बरोबर आहे. तुमच्या मुलाने ज्या कामासाठी अर्ज केला, त्यात लोकांशी बोलणं हेच काम आहे. कंपनीच्या नावाने डिस्कॉर्डवर (खेळाडूंच्या गप्पांचं अ‍ॅप), इन्स्टाग्रामवर, यूट्यूबखाली दिवसभर चिडलेल्या खेळाडूंना उत्तरं द्यायची. त्याला कम्युनिटी मॅनेजर म्हणतात. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्याच्या कमेंट वाचल्या म्हणजे त्याच्या कामाचा नमुनाच बघितला.

एका ट्वीटची किंमत या धंद्याने चांगली मोजलेली आहे. २०११ मध्ये ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ हा गेम आला आणि समीक्षकांनी तो धुऊन काढला. गेमची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या एजन्सीने ट्वीट केलं, की काही जणांनी फारच विष ओकलंय, पुढच्या वेळी समीक्षणासाठी कुणाला गेम पाठवायचा ते बघू. गेम बाजारात आणणाऱ्या टूके गेम्सने त्या एजन्सीचं काम काढून घेतलं. २०१८ मध्ये ‘गिल्ड वॉर्स २’ बनवणाऱ्या अरीनानेटने दोन लेखकांना घरी बसवलं, कारण स्वतःच्या ट्विटर अकाउंटवर एका स्ट्रीमरशी (खेळ थेट प्रक्षेपित करणाऱ्याशी) झालेली शाब्दिक चकमक. ही शिक्षा मला स्वतःला जास्त वाटते. कंपनी गर्दीला घाबरली असं त्या वेळी या क्षेत्रातल्याही अनेकांनी म्हटलं. पण नियम काय आहे ते मुलाला कळायला हवं: स्वतःचं अकाउंट असलं तरी लोक त्यावर कंपनीचं नाव वाचतात.

म्हणून नुसतं गोड बोलायला शिकला की झालं, असंही नाही. २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ विकत घेतलेल्या एकाने रेडिट या चर्चेच्या साइटवर विचारलं, एवढे पैसे भरूनही डार्थ व्हेडर हे पात्र बंद का? गेमची कंपनी ईए, तिचं उत्तर अगदी सभ्य होतं. पात्र खेळून मिळवण्यात अभिमान आणि समाधान वाटावं, असा हेतू असल्याचं त्यात लिहिलं होतं. साडेसहा लाखांहून जास्त लोकांनी त्या उत्तरावर नापसंतीचं बटण दाबलं. शेवटी कंपनीला अशा पात्रांची गेममधली किंमत तीन चतुर्थांशाने उतरवावी लागली. सभ्य भाषेत लोकांना वेड्यात काढलं, तर शिवीपेक्षा जास्त लागतं.

रोजचं काम कसं दिसतं ते सांगते. रात्री साडेअकराला एक खेळाडू लिहितो, ‘अपडेट मारल्यावर माझी स्किन गायब. चोर कंपनी.’ (स्किन म्हणजे गेममधल्या पात्राचा पोशाख.) तुमचा मुलगा आज उत्तर देईल, ‘आधी नेट बघ भावा.’ शिकल्यावर लिहील, ‘प्लेयर आयडी इनबॉक्समध्ये पाठवा. असं आणखी काही जणांचं झालंय, टीमला कळवलंय. काय निघतं ते इथेच सांगतो.’ ‘उद्या सकाळपर्यंत येईल’ असं तो लिहिणार नाही, कारण डेव्हलपरला न विचारता दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गळ्यात येतो. ‘चोर’ला तर उत्तरच द्यायचं नाही. सकाळी असे किती जण होते, कोणत्या फोनवर झालं, याची यादी करून टीमला द्यायची. पगार मुख्यतः या यादीचा आणि त्या न दिलेल्या उत्तराचा.

नोकरी खरी आहे का? आहे, पण सोलापुरात फार कमी. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, ‘इंडस’ हा गेम बनवणारी सुपरगेमिंग आहे. मुंबईत नझारा ही गेम कंपनी आहे, ती २०२१ पासून शेअर बाजारात आहे. जागा मात्र थोड्या आणि धंदा बेभरवशाचा. बीजीएमआय हा लोकप्रिय मोबाइल गेम २०२२ मध्ये एका दिवसात अ‍ॅप स्टोअरवरून गेला आणि २०२३ मध्ये परत आला. मधले महिने त्या एका गेमवर पोट असलेल्यांचं काय झालं असेल, तुम्हीच विचार करा.

म्हणून मी त्याला मार्केटिंगची आकड्यांची बाजूही धरायला सांगेन. मोबाइल गेममध्ये जाहिरातीवर एक इन्स्टॉल कितीला पडला, त्यातले किती जण सातव्या दिवशीही खेळतायत, आणि एक खेळाडू एकूण किती पैसे देऊन जातो, हा हिशोब रोज बसतो. टॉवेलचं कॉस्टिंग घरात ऐकत मोठा झालेला बी.कॉम.चा मुलगा इथे उजवा ठरू शकतो. हे कौशल्य गेमबाहेरही चालतं, अगदी तुमच्या टॉवेलच्या ऑनलाइन विक्रीलाही.

अकाउंट सरसकट डिलीट करू देऊ नका. स्क्रीनशॉट कुणाकडे तरी असतातच, आणि कोऱ्या पाटीचा मार्केटिंगवाल्याला संशयच येतो. शिव्यांच्या कमेंट काढाव्यात, बाकी चॅनेल ठेवावा. यापुढे पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन काही दाखवलं तर ‘जाहिरात’ असं ठळक लिहावं. एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेची इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली २०२१ पासून आहे. अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सने यूट्यूबरना पैसे देऊन एका गेमची तारीफ करून घेतली आणि ते नीट उघड केलं नाही, म्हणून २०१६ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीलाच धरलं होतं.  आणि कुणी बीटा गेम, म्हणजे बाजारात न आलेली चाचणीची आवृत्ती, गुपचूप तपासायला दिला, तर त्याचा फोटो मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकायचा नाही.

चाळीस हजार भरू नका. गुगलच्या स्किलशॉपवर जाहिराती आणि अ‍ॅनालिटिक्सचे कोर्स फुकट आहेत. त्याऐवजी शहरातल्या एखाद्या गेमिंग कॅफेचं इन्स्टाग्राम त्याने चार महिने सांभाळावं. टूर्नामेंट लावावी, हरलेल्यांच्या तक्रारी झेलाव्यात, कोणत्या पोस्टवरून किती नावं आली ते वहीत मांडावं. ती वही मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा जड पडेल. पदवी मात्र पूर्ण करायचीच.

पुण्याच्या त्या बाईंना त्याने एक मेल करावा, आणि तो तुम्ही लिहून देऊ नका. कमेंट माझ्याच होत्या, काढल्या आहेत, सध्या हे काम करतोय, पुढच्या भरतीत अर्ज केला तर चालेल का, एवढंच. ‘मित्राने माझ्या फोनवरून लिहिलं’ हे वाक्य त्यांनी पुष्कळदा ऐकलेलं असतं.

तुमची,
करिअर मार्गदर्शक, सोलापूर